कितीपैकी किती? संशोधनाची बातमी वाचताना

घरात कुणाला कॅन्सर निघाला की पहिल्या आठवड्यातच फोनवर बातम्यांची रीघ लागते. अमुक औषधाने मृत्यू निम्म्यावर आले, तमुक गोळीने गाठ विरघळली, परदेशात लस तयार झाली. पाठवणारे मनापासून पाठवतात. त्याच फोनवर 'राज्यातले वाघ वाढले', 'माकडतापाचे रुग्ण दुप्पट' अशाही बातम्या येत असतात. बहुतेक जण एक तर सगळं खरं मानतात, नाही तर 'हे शास्त्रज्ञ रोज वेगळंच सांगतात' म्हणून सगळंच सोडून देतात. दोन्हींत नुकसान आहे, आणि ज्याच्या घरात माणूस आजारी आहे त्याचं सगळ्यात जास्त.

अशी बातमी नीट वाचायला विज्ञानाची पदवी लागत नाही. काही प्रश्न मात्र स्वतःला विचारावे लागतात. त्यातला सगळ्यात उपयोगी प्रश्न वर शीर्षकातच दिला आहे. वाघांपासून सुरुवात करू, कारण मोजणीची रीत तिथे उघड दिसते आणि ती एकदा कळली की आजारांच्या बातम्या सोप्या जातात.

९ एप्रिल २०२३ ला देशात किमान ३,१६७ वाघ असल्याचं जाहीर झालं. त्याच वर्षी जुलैत आकडा आला ३,६८२. साडेतीन महिन्यांत पाचशे वाघ वाढले असं अनेकांना वाटलं. प्रत्यक्षात गणना एकच होती, २०२२ ची. पहिला आकडा किमान होता, दुसरा सरासरी अंदाज. वरची मर्यादा ३,९२५ होती. कॅमेऱ्यांत प्रत्यक्ष टिपले गेलेले वेगवेगळे वाघ ३,०८०.

मग उरलेले सहाशे आले कुठून? जंगलातल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना, साधारण गुडघ्याच्या उंचीवर, समोरासमोर दोन कॅमेरे झाडांना बांधतात. दोन यासाठी, की वाघाच्या डाव्या कुशीवरचे पट्टे उजव्या कुशीशी जुळत नाहीत, आणि एका वाघाचे पट्टे दुसऱ्या कुठल्याच वाघाशी जुळत नाहीत. समजा, पहिल्या फेरीत २० वाघ टिपले. दुसऱ्या फेरीतही २० मिळाले आणि त्यातले १० पहिल्या फेरीत दिसलेलेच निघाले. दुसऱ्या खेपेला सापडलेल्यांत निम्मे ओळखीचे, तर पहिल्या खेपेचे २० हेही जंगलातल्या सगळ्या वाघांच्या निम्मेच असणार. म्हणजे एकूण सुमारे ४०. खरं गणित याहून पुष्कळ गुंतागुंतीचं असतं, पण त्याचा गाभा हाच. १९९०च्या दशकात उल्हास कारंथ यांनी कर्नाटकातल्या नागरहोळेच्या जंगलात वाघांसाठी ही पद्धत वापरून दाखवली. त्याआधी पावलांच्या ठशांवरून वाघ मोजत. त्या मोजणीत राजस्थानातल्या सारिस्कामध्ये कागदावर वाघ होते, आणि २००५ साली तिथे एकही उरला नसल्याचं उघड झालं.

म्हणून प्राण्यांच्या संख्येची बातमी आली की पाहायचं: हा आकडा डोळ्यांनी पाहिलेल्यांचा की अंदाजाचा? अंदाजाचा असेल तर खालची आणि वरची मर्यादा दिली आहे का? आणि मागच्या आकड्याशी तुलना केली असेल तर दोन्ही वेळी माप एकच होतं का? २००१-०२ ची ठशांवरची गणना ३,६४२ सांगत होती, २००६ ची नव्या पद्धतीची १,४११. या दोन आकड्यांची वजाबाकी करून 'चार वर्षांत इतके वाघ मेले' म्हणणं चुकीचं. महाराष्ट्राचा आकडा २०१८ मध्ये ३१२ होता, २०२२ मध्ये ४४४. इथे पद्धत बरीचशी सारखी आहे, त्यामुळे तुलना करता येते. तरी देशभरात कॅमेरे लावलेल्या जागा २६,८३८ वरून ३२,५८८ वर गेल्या होत्या हेही सोबत ध्यानात ठेवावं. जास्त ठिकाणी शोधलं की जास्त सापडतं.

हेच वाक्य साथीच्या बातम्यांना जसंच्या तसं लागू पडतं. माकडताप पहिल्यांदा १९५७ साली कर्नाटकात शिमोग्याजवळच्या क्यासनूर जंगलात सापडला. गेल्या दहा-बारा वर्षांत तो गोव्यात सत्तरीत आणि आपल्याकडे सिंधुदुर्गात, दोडामार्ग-बांदा पट्ट्यात दिसला. एखाद्या तालुक्यात 'रुग्ण दुप्पट' झाले असं वाचलं की आधी बघा, तपासलेले नमुने किती होते? गेल्या वर्षी शंभर तपासून दहा सापडले आणि यंदा चारशे तपासून वीस, तर रुग्ण दुप्पट झाले हे खरं, पण शंभरांत दहाचे पाच झाले हेही तितकंच खरं. मृत्यूच्या टक्केवारीचंही तसंच. माकडतापाने निदान झालेल्यांपैकी साधारण तीन ते पाच टक्के दगावतात. ज्यांना हलका ताप येऊन गेला आणि कुणी तपासलंच नाही, ते या हिशेबात नसतात.

बातमीचा आकडा कसाही असो, काजूच्या हंगामात बागेत आणि रानात जाणाऱ्यांनी करायच्या गोष्टी बदलत नाहीत. हा आजार माणसापासून माणसाला होत नाही, तो गोचिडीमुळे होतो. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी ते अंग सोडून आसपासच्या पाल्यात उतरतात, म्हणून मेलेल्या माकडाजवळची जागा सगळ्यात धोक्याची. हात लावू नका, पुरू नका, जाळू नका. वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला लगेच कळवा. रानातून आल्यावर अंग तपासा, गरम पाण्याने आंघोळ करा, कपडे वेगळे धुवा. ताप आलाच तर रानात गेलो होतो हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांना सांगा, नाही तर आजार मलेरिया-डेंग्यूतच शोधला जातो.

दुसरा प्रश्न कारणाचा. दोन गोष्टी एकाच काळात घडल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असं होत नाही. मग कारण पक्कं झालं असं कधी मानायचं? याचं मला माहीत असलेलं सर्वांत देखणं उदाहरण गिधाडांचं आहे. १९९०च्या दशकात भारतीय उपखंडातली गिधाडं इतक्या वेगाने मरू लागली की कुठली तरी संसर्गाची साथ असावी असाच बहुतेकांचा कयास होता. पाकिस्तानात लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी मेलेली गिधाडं उघडून तपासली. ज्यांची मूत्रपिंडं निकामी झाली होती अशा २५ पैकी २५ गिधाडांत डायक्लोफेनॅक सापडलं, म्हणजे जनावरांना दिलं जाणारं वेदनाशामक. दुसऱ्या कारणांनी मेलेल्या १३ पैकी एकातही नाही. पुढे हे औषध दिलेल्या जनावरांचं मांस गिधाडांना खाऊ घातलं, तेव्हा तीही तशाच प्रकारे मेली. आजारी आणि निरोगी दोन्ही गट बघणं आणि मग प्रयोग करून पाहणं, या दोन पायऱ्या जिथे असतात तिथे 'कारण' या शब्दावर विश्वास ठेवायला हरकत नाही. २००४ साली हे संशोधन आलं आणि २००६ मध्ये भारताने जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. गोठ्यात जनावर दुखण्याने बसलं तर पशुवैद्यांकडे मेलोक्सिकॅम मागा. ते गिधाडांना सुरक्षित आहे. किटोप्रोफेन आणि असेक्लोफेनॅक यांवर २०२३ मध्ये बंदी आली आहे.

याच गिधाडांबद्दल २०२४ मध्ये आणखी एक बातमी गाजली: गिधाडं नाहीशी झाल्यामुळे भारतात पाच वर्षांत सुमारे पाच लाख माणसं जास्त मेली. इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी, जिथे पूर्वी गिधाडं भरपूर असावीत असे जिल्हे आणि जिथे नसावीत असे जिल्हे यांची मृत्यूदरांवरून तुलना केली. कुजणारी मढी, दूषित पाणी, वाढलेली भटकी कुत्री आणि रेबीज ही त्यामागची कारणं असावीत असं त्यांचं म्हणणं. अभ्यास मोलाचा आहे. पण इथे पाच लाख माणसं कुणी एकेक करून मोजलेली नाहीत. हा तुलनेतून काढलेला अंदाज आहे आणि २५ पैकी २५ या आकड्याची जात वेगळी आहे. दोन्ही आकडे एकाच पारड्यात टाकू नयेत.

तिसरा प्रश्न: हे कुणाच्या शरीरात घडलं? ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला टास्मानिया बेटावर टास्मानियन डेव्हिल नावाचा, पोटाला पिशवी असलेला, छोट्या कुत्र्याएवढा मांसाहारी प्राणी राहतो. १९९६ मध्ये एका डेव्हिलच्या तोंडावर भयंकर गाठी असलेला फोटो काढला गेला. पुढे कळलं की तो कॅन्सर आहे, आणि तो एका प्राण्याकडून दुसऱ्याकडे जातो. भांडताना आणि विणीच्या काळात हे प्राणी एकमेकांच्या तोंडाला चावतात, तेव्हा कर्करोगाच्या जिवंत पेशीच चाव्यातून पुढच्या जनावरात रुजतात. सगळ्या बेटावरच्या गाठी तपासल्या तर त्यांची जनुकं त्या त्या जनावराशी जुळत नाहीत, एकमेकींशी जुळतात. फार पूर्वी मेलेल्या एकाच मादीच्या पेशी अजून प्राणी बदलत जगत आहेत. डेव्हिलांची संख्या कोसळली आणि २००८ मध्ये त्यांची नोंद धोक्यात आलेल्या प्रजातींत झाली. २०१४ मध्ये असाच दुसरा, स्वतंत्रपणे उपजलेला कॅन्सरही त्यांच्यात सापडला.

हे वाचून 'कॅन्सर संसर्गजन्य असतो' असा मथळा निघायला वेळ लागत नाही, आणि त्याची किंमत आपल्या घरातल्या रुग्णाला मोजावी लागते. ताट-वाटी वेगळी ठेवणं, नातवंडांना मांडीवर बसू न देणं, एका पंगतीला न बसवणं हे सगळं आपल्याकडे आजही चालतं. माणसाचा कॅन्सर शेजारी बसून, जेवून, शुश्रूषा करून कधीही लागत नाही. केमो चालू असताना उलट खबरदारी घ्यायची असते: रुग्णाची प्रतिकारशक्ती कमी असते, म्हणून सर्दी-तापाच्या माणसाने त्याच्यापासून दूर राहायचं. माणसांत संसर्गाचे असतात ते काही विषाणू, ज्यांच्यामुळे पुढे वर्षांनी कॅन्सर होऊ शकतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे एचपीव्ही, यकृताच्या कर्करोगामागे हिपॅटायटीस बी. या दोन्ही विषाणूंवर लस आहे. मुलींना एचपीव्हीची लस देण्याबद्दल बालरोगतज्ज्ञांशी अवश्य बोला.

पसरणारा कॅन्सर आपल्या गल्लीतही आहे, कुत्र्यांमध्ये. समागमातून पसरणारी जननेंद्रियांवरची गाठ भटक्या कुत्र्यांत पशुवैद्यांना नेहमी दिसते. तीही माणसाला होत नाही. आणि ती बहुतेकदा चांगली बरी होते, आठवड्याला एक याप्रमाणे व्हिनक्रिस्टीनची काही इंजेक्शनं दिली की. हेच व्हिनक्रिस्टीन लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर वापरतात, आणि ते आलं आहे अंगणातल्या सदाफुलीतून. इथवर सगळं खरं आहे. यापुढे जो निरोप फिरतो, 'रोज सकाळी सदाफुलीची पानं चावून खा', तो मात्र धोक्याचा. पानांत हे औषध अत्यल्प असतं आणि सोबत इतर कितीतरी विषारी द्रव्यं असतात. रुग्णाला ते शुद्ध करून, शिरेतूनच आणि वजन-उंची बघून देतात. मोठ्या माणसाचा एका वेळचा डोसही साधारण दोन मिलिग्रॅमच्या पलीकडे जाऊ देत नाहीत. एवढ्या मापात चालणाऱ्या औषधाची मात्रा पानं मोजून ठरवता येणार नाही. केमो चालू असलेल्या माणसाने तर हे अजिबात करू नये. करत असाल तर लाज न बाळगता डॉक्टरांना सांगा.

२०२४ च्या सुरुवातीला 'कॅन्सर परत येऊ न देणारी शंभर रुपयांची गोळी' ही बातमी घराघरांत पोहोचली. टाटा मेमोरियलमधल्या शास्त्रज्ञांचं ते संशोधन होतं, त्यांनी मांडलेली कल्पनाही विचार करण्याजोगी आहे: उपचारांत मरणाऱ्या कर्करोगाच्या पेशींचे तुकडे निरोगी पेशींत शिरतात आणि त्यांना बिघडवतात. पण तो मुख्य प्रयोग उंदरांवर होता, त्यांच्या शरीरात माणसाच्या कर्करोगाच्या पेशी सोडून केलेला. माणसांत ही गोळी घेऊन कॅन्सर परत येणं थांबतं का, याचं उत्तर त्या बातमीच्या वेळी हातात नव्हतं. तरी ती औषधाच्या दुकानात विचारायला गेलेली माणसं असतील, आणि त्यांच्या जिवाची घालमेल मी समजू शकतो. उंदरांत चाललेली बहुतेक औषधं माणसांपर्यंत पोहोचत नाहीत. बातमीत 'उंदीर' हा शब्द शेवटच्या परिच्छेदात असतो. तो आधी शोधा.

आता 'निम्मे' या शब्दाबद्दल. त्यासाठी उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये झालेल्या अभ्यासाइतकं चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही. बार्शीचं नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधली कर्करोग संशोधनाची आंतरराष्ट्रीय संस्था यांनी मिळून १९९९ मध्ये तो सुरू केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका त्यात होत्या. गावांचे ५२ गट करून चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटणी केली: काहींना एकदाच एचपीव्हीची चाचणी, काहींना पेशींची म्हणजे पॅप तपासणी, काहींना गर्भाशयमुखाला व्हिनेगरसारखं सौम्य आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी, आणि उरलेल्या गावांत नेहमीची व्यवस्था. आठ वर्षांनी पाहिलं तर एचपीव्ही चाचणीच्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने मृत्यू जवळपास निम्मे झाले होते.

आता हिशेब करू. एचपीव्ही चाचणीच्या गटात ३४,१२६ बायकांपैकी ३४ गेल्या. तपासणी न झालेल्या गटात ३१,४८८ पैकी ६४. म्हणजे दहा हजारांमागे वीसऐवजी दहा. 'निम्मे' हेही खरं, 'दहा हजारांत दहा जणी वाचल्या' हेही खरं. पहिलं वाक्य चाचणीची ताकद सांगतं, दुसरं आपल्याला व्यक्तिशः मिळणारा फायदा. कुठलाही टक्का वाचला की दुसरं वाक्य स्वतः तयार करायचा प्रयत्न करा. बातमीत त्यासाठी लागणारे आकडे नसतील तर बातमी अपुरी आहे असं समजा. जिल्हाभराच्या, राज्यभराच्या बायकांचा विचार केला तर दहा हजारांत दहा हा फार मोठा आकडा होतो, आणि एका चाचणीने तो साधतो, म्हणून तीस ओलांडलेल्या प्रत्येकीने ही तपासणी करून घ्यावी असं मी आग्रहाने म्हणेन. त्या ६४ जणींना तपासणी का मिळाली नाही, असा आक्षेप या अभ्यासावर पुढे घेतला गेला. तो रास्त आहे असं मला वाटतं. जे ज्ञान आज आपण वापरतो ते त्यांच्या गावांतून आलं आहे.

या अभ्यासात व्हिनेगरच्या तपासणीने मृत्यू लक्षणीय घटले नाहीत. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या चमूने केलेल्या अभ्यासात त्याच तपासणीने मृत्यू ३१ टक्के घटले. कुणी तरी खोटं बोलत आहे का? नाही. धाराशिवमध्ये ती एकदाच केली होती, मुंबईत दर दोन वर्षांनी चार वेळा. एका अभ्यासावरून 'चालतं' किंवा 'चालत नाही' असा निकाल लावू नये तो यासाठी.

उपचारांच्या बातमीत नेमकं काय मोजलं हे पाहणं फार महत्त्वाचं. '७० टक्के रुग्णांत प्रतिसाद' याचा अर्थ गाठ ठरलेल्या प्रमाणात आकसली. ते रुग्ण बरे झाले किंवा जास्त जगले असा होत नाही. कधी तसंही होतं, पण ते वेगळं मोजावं लागतं. 'आजार न वाढता गेलेला काळ' हे आणखी तिसरं माप. आणि कुठला कॅन्सर, हे वाचल्याशिवाय पुढे जाऊच नका. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या प्रयत्नांतून आलेल्या नेक्सकार-१९ या कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. रुग्णाच्याच पांढऱ्या पेशी काढून, प्रयोगशाळेत बदलून परत शरीरात सोडायच्या, असा तो उपचार. देशात असं काही घडलं याचा आनंद व्हावाच. पण तो आहे बी-पेशींच्या ठरावीक रक्ताच्या कॅन्सरसाठी, तोही आधीचे उपचार हरल्यानंतर. तोंडाच्या किंवा स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णासाठी ती बातमी घेऊन धावपळ करण्यात वेळ आणि पैसा जातो.

डॉक्टरांकडे कात्रण घेऊन जायला संकोचू नका. फक्त 'हे चांगलं आहे का?' असं मोघम विचारू नका. आमच्या रुग्णाच्या कॅन्सरचा प्रकार आणि स्टेज यात बसते का, आता चालू असलेल्या उपचाराशी याची तुलना झाली आहे का, जगण्याचा काळ वाढला का, त्रास काय होतो, खर्च किती, असं विचारा. उत्तर तिथेच लिहून घ्या. आणि बातमी कितीही आशादायक असली तरी चालू उपचार स्वतःच्या मनाने थांबवू नका.

नवा उपचार अजून चाचणीच्या टप्प्यात असेल तर ती चाचणी भारतात कुठे चालू आहे हे सीटीआरआय या सरकारी नोंदणीत कुणालाही फुकट बघता येतं. २००९ पासून देशातल्या औषधचाचण्यांची तिथे नोंद सक्तीची आहे. पहिल्या टप्प्यात मुख्यतः किती मात्रा सोसवते ते बघतात, तिसऱ्या टप्प्यात प्रचलित उपचाराशी तुलना करतात, हा फरक मनात ठेवून नोंद वाचा. सहभागी व्हायचं ठरवलंत तर संमतिपत्र मराठीत मागा. ते घरी नेऊन वाचायला वेळ मागा. चाचणीतून कधीही बाहेर पडता येतं आणि त्यामुळे नेहमीचे उपचार बंद होत नाहीत. चाचणीमुळे इजा झाली तर तिच्यावरच्या उपचारांचा खर्च रुग्णावर पडत नाही. नैतिक समितीचा फोन नंबर त्या कागदावर असायलाच हवा. सही केल्यावर संमतिपत्राची एक प्रत तुमच्या हातात मिळणं हा तुमचा हक्क आहे. ती बाकीच्या रिपोर्टांसोबत फाईलमध्ये लावून ठेवा.